खेळातला पीटर

१९९० साली ‘गेम बॉय’ या हातात मावणाऱ्या यंत्रावर स्पायडरमॅनचा खेळ आला. पडद्यावर छटा अवघ्या चार, त्याही हिरवट करड्या. त्यामुळे तांबड्या-निळ्या वेषाचा हा वीर तेथे फिकाच दिसे. याची मला खंत नाही. मुलांची कल्पना असले रंग सहज भरून काढते.

उणीव आहे ती निराळीच. स्टॅन ली व स्टीव्ह डिटको यांच्या १९६२ सालच्या मूळ चित्रकथेत पीटर पार्कर हा विद्यार्थी, आपल्याला काय त्याचे, असे म्हणून पळत्या चोराला अडवीत नाही. पुढे तोच चोर त्याच्या काकांचा जीव घेतो. भिंती चढण्याचे सामर्थ्य पीटरपाशी तेव्हाही होते. परंतु तो वीर झाला तो या शोकातून. खेळात मात्र दुष्टांनी पळविलेल्या मेरी जेनला सोडविण्यासाठी आपण कळा दाबून शत्रूंना लोळवितो, आणि हरलो तर पुन्हा आरंभ करतो. खेळाला हे शोभते. पीटरला ती सोय नव्हती. काका परत आले नाहीत.

मुलांनो, खेळ अवश्य खेळा. पण ती चित्रकथाही मिळवून वाचा, आणि चोर समोरून पळत असता पीटर नुसता उभा आहे, त्या चित्रापाशी क्षणभर थांबा.