नवे यंत्र आणि हरवलेली दुसरी सही

लालबाग-परळच्या गिरण्या चालू होत्या, तेव्हा पाळी सुटल्यावर फाटकावर कामगारांची झडती घेतली जाई. कामगारांना ती अपमानास्पद वाटे, आणि ते स्वाभाविकच होते. परंतु मालकाची मालमत्ता म्हणजे सूत, कापड आणि यंत्रांचे सुटे भाग, आणि ती बाहेर गेलीच तर फाटकातूनच जाणार, हे त्यामागील गृहीतक त्या काळापुरते बरोबर होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या आणि त्यांच्या जमिनींवर काचेच्या भिंतींची कार्यालये उभी राहिली. तेथेही दारावर ओळखपत्र पाहिले जाते, पिशवी तपासली जाते. मात्र आज जे राखावयाचे आहे, ते फाटकातून जातच नाही. पैसा, ग्राहकांची माहिती आणि व्यवसायातील गुपिते संगणकाच्या तारेतून जातात. पहारा मात्र अजूनही बव्हंशी दारावरच आहे.

या बदलाचा सर्वांत महागडा धडा मुंबईला मिळाला तो फोर्टमध्ये. पंजाब नॅशनल बँकेच्या ब्रॅडी हाऊस शाखेतील गैरव्यवहार फेब्रुवारी २०१८ मध्ये उघडकीस आला, तेव्हा बँकेने सांगितलेली रक्कम ११ हजार ४०० कोटी रुपयांच्या घरात होती. पुढे ती १३ हजार कोटींच्याही वर गेली. रिझर्व्ह बँकेच्या मुख्यालयापासून चालत जाण्याच्या अंतरावरील ही शाखा. येथून हिरे व्यापाऱ्यांच्या कंपन्यांसाठी परदेशातील बँकांना हमीपत्रे पाठविली जात. ती ज्या 'स्विफ्ट' या आंतरराष्ट्रीय संदेशप्रणालीतून जात, ती बँकेच्या कोअर बँकिंग प्रणालीशी, म्हणजे तिच्या मुख्य खातेवहीशी, जोडलेलीच नव्हती. संदेश एका यंत्रावरून जाई आणि त्याची नोंद दुसऱ्या यंत्रावर माणसाने हाताने करावयाची असे. ती नोंद केली नाही, तर खातेवहीला हमीचा पत्ताच लागत नसे. इतरांचे परवलीचे शब्द वापरून संदेश पाठविले गेले, असाही तपास यंत्रणांचा आरोप आहे. येथे कोणी बाहेरून कुलूप फोडले नव्हते. दोन आधुनिक यंत्रे शेजारी शेजारी होती आणि एकमेकींशी बोलत नव्हती, एवढेच.

धोक्याची सूचना मिळाली नव्हती असेही नाही. ऑगस्ट २०१६ पासून किमान तीन वेळा आपण बँकांना स्विफ्टच्या गैरवापराबाबत सावध केले होते, असे रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१८ मध्ये जाहीर केले. या सावधगिरीला पार्श्वभूमी होती ती ढाक्याची. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या संगणकांत शिरलेल्या चोरांनी न्यूयॉर्कमधील खात्यातून ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपाइन्सला वळविले. त्यासाठी त्यांनी साप्ताहिक सुटीची वेळ निवडली आणि स्विफ्टचे संदेश आपोआप छापणारा प्रिंटर बंद पाडला. कागद निघाला नाही, तेव्हा प्रिंटर नेहमीप्रमाणे बिघडला असावा, असा कर्मचाऱ्यांचा समज झाला. ज्या कागदावरून चोरी त्याच दिवशी लक्षात आली असती, तो कागदच अडविला गेला होता.

सहकारी बँकांवर भिस्त ठेवणाऱ्या मराठी मध्यमवर्गाला यापेक्षाही जवळची वाटावी अशी घटना पुण्यात घडली. ११ ऑगस्ट २०१८ हा दुसरा शनिवार, म्हणजे बँकांच्या सुटीचा दिवस. त्या दिवशी कॉसमॉस सहकारी बँकेच्या बनावट कार्डांवर २८ देशांतील एटीएम यंत्रांतून काही तासांत पैसे काढले गेले. १३ ऑगस्टला स्विफ्टमार्गे आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगला गेले. एकूण फटका ९४ कोटींहून अधिक. एटीएममधून आलेली मागणी एरवी बँकेच्या खातेवहीकडे जाते आणि तिच्या होकारानंतरच नोटा बाहेर येतात. चोरांनी मध्येच एक खोटी यंत्रणा उभी केली आणि प्रत्येक मागणीला तीच परस्पर होकार देत राहिली.

फोर्ट आणि पुणे येथील गुन्ह्यांची जात वेगळी आहे. एकात आतल्यांवर संशय, दुसऱ्यात हल्ला बाहेरून. परंतु उणीव एकच दिसते. दोन्हीकडे पैसा हलला तो खातेवहीला न विचारता. जुन्या पेढीवर मुनिमाने लिहिलेले दुसरा कोणीतरी ताडून पाही आणि धनादेशावर दोन सह्या लागत. ही दुसरी सही म्हणजे निव्वळ दिरंगाई आहे असे मानून नव्या यंत्रांनी ती काढून टाकली. वेग मिळाला. पण ती सही जे काम करीत होती, ते कोणाकडेच सोपविले गेले नाही.

गिरगाव, दादर, परळ, लालबाग या पट्ट्यातील छोट्या बँका आणि पतपेढ्यांपुढील अडचण आणखी वेगळी आहे. स्वतःची संगणक यंत्रणा उभारणे त्यांना परवडत नाही, म्हणून ती बाहेरच्या कंपनीकडून घेतली जाते. जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज टेक्नॉलॉजीज या अशाच एका सेवा कंपनीवर खंडणीखोर संगणक-विषाणूचा हल्ला झाला. खबरदारी म्हणून तिला राष्ट्रीय देयक जाळ्यापासून तोडावे लागले आणि देशातील सुमारे ३०० लहान बँकांचे ग्राहक एटीएम व यूपीआयला मुकले. चूक ना ग्राहकाची होती, ना त्या बँकांतील कर्मचाऱ्यांची.

त्यात आता कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे. २०२४ च्या प्रारंभी अरूप या ब्रिटिश अभियांत्रिकी कंपनीच्या हाँगकाँग कार्यालयातील कर्मचाऱ्याने पडद्यावरील बैठकीत वरिष्ठ वित्त अधिकाऱ्याला व सहकाऱ्यांना 'पाहिले' आणि सांगितल्याप्रमाणे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवून दिले. ते सारे चेहरे आणि आवाज यंत्राने घडविलेले होते. दुसरीकडे, काम लवकर उरकावे म्हणून गोपनीय मजकूर चॅटजीपीटीसारख्या साधनाला देण्याची सवय वाढते आहे. सॅमसंगच्या अभियंत्यांकडून अशी चूक झाल्यावर कंपनीने २०२३ मध्ये या साधनांवर बंदी घातली. आपल्या अर्थ मंत्रालयानेही जानेवारी २०२५ मध्ये कार्यालयीन संगणकांवर ती वापरू नयेत, असे कर्मचाऱ्यांना बजावले. केवळ बंदीने हेतू साधेल काय, ही शंका उरतेच. कामाचा बोजा तोच राहिला, तर मजकूर कार्यालयाच्या संगणकावरून स्वतःच्या मोबाइलवर जाईल, एवढाच फरक.

कायदे झाले आहेत. एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार सायबर हल्ल्याची माहिती सहा तासांत 'सर्ट-इन'ला कळविणे बंधनकारक आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेतील हयगयीसाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मार्च २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्विफ्टविषयक सूचना न पाळणाऱ्या ३६ बँकांना ७१ कोटींचा दंड ठोठावला. परंतु दंड घटनेनंतर होतो. सहा तासांत कळवावयाचे, तर मुळात त्या वेळात कोणाच्या तरी लक्षात आले पाहिजे आणि ज्याच्या लक्षात आले त्याला बोलण्याची भीती वाटता कामा नये.

म्हणून खरा प्रश्न कार्यालयाच्या शिस्तीचा आहे, आणि तिची सुरुवात व्यवस्थापनापासून व्हावयास हवी. कोणतेही नवे यंत्र घेताना ते किती वेळ वाचवील हे विचारले जाते. ते कोणाची तपासणी रद्द करते, हेही विचारले जावे. दोन यंत्रांतील नोंदी त्याच दिवशी जुळविल्या जाव्यात. सुटीच्या दिवशीही पहारा असावा. साहेबांचा पडद्यावरील हुकूम मिळाला, तरी मोठी रक्कम पाठविण्यापूर्वी त्यांच्या माहीत असलेल्या क्रमांकावर उलट दूरध्वनी करण्याची मुभा कनिष्ठ कर्मचाऱ्याला असावी आणि तो उद्धटपणा समजला जाऊ नये. बिघडलेल्या प्रिंटरबद्दल तक्रार करणाऱ्याला त्रासदायक न मानता जागरूक मानले जावे.

गिरणीच्या फाटकावर संशय कामगारावर होता. नव्या कार्यालयातही काही घडले की पहिले बोट कनिष्ठाकडेच दाखविले जाते. ज्याला थांबून विचारण्याचा अधिकार दिलेला नाही, त्याला न थांबल्याचा जाब विचारणे अन्यायाचे आहे. हा अधिकार म्हणजेच हरवलेली दुसरी सही. ती परत आणल्यावाचून कोणतेही महागडे सुरक्षा-यंत्र ठेवीदाराचा पैसा राखू शकणार नाही.