दाराबाहेरची टपालपेटी



घर घेताना दार, कुलूप आणि तिजोरी यांचा आपण कसून विचार करतो. टपालपेटी मात्र सर्वांत शेवटी, हाताला येईल ती आणून भिंतीला ठोकली जाते. पुण्याच्या जुन्या वाड्यांत पोस्टमन चौकात येऊन नावाने हाक मारीत असे. वाड्यांच्या जागी इमारती आल्या आणि पत्रे जिन्याखालच्या पेट्यांत पडू लागली. त्यांपैकी कित्येक पेट्यांची झाकणे आज लोंबकळत आहेत.

‘आता सारे मोबाइलवरच येते’ हे म्हणणे अर्धेच खरे आहे. चेकबुक, डेबिट कार्ड, कंपन्यांची पत्रे आणि वकिलांच्या नोटिसा आजही टपालाने येतात. व्यापारी कुटुंबांनी तर एक बाब विशेष ध्यानात ठेवावी. आपण दिलेला धनादेश न वटता परत गेला, तर परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ नुसार धनको ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस पाठवतो. ती मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम चुकती केल्यास फौजदारी तक्रार टळते. घर बंद असल्यास पोस्टमन सूचनाचिठ्ठी ठेवून जातो. ती भिजली किंवा जाहिरातींच्या कागदांत हरवली, तर पत्र पाठवणाऱ्याकडे परत जाते. मात्र योग्य पत्त्यावर नोंदणीकृत टपालाने पाठवलेली नोटीस बजावली गेली, असे न्यायालय गृहीत धरू शकते. सी. सी. अलवी हाजी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये हे स्पष्ट केले. समन्स मिळाल्यावर १५ दिवसांत पैसे भरण्याची वाट त्याच निकालात आहे. पण तोवर प्रकरण न्यायालयात पोहोचलेले असते.

लाभांशाचेही तसेच. सलग सात वर्षे तो घेतला नाही, तर लाभांशाबरोबर शेअर्सही गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतात. त्याआधी कंपनी पत्राने कळवते. ते पत्र हाती पडले, तर कष्टाची पुंजी वाचते.

म्हणून पेटी निवडताना पुढील गोष्टी पाहाव्यात. पत्रा जाड आणि न गंजणारा असावा. स्टेनलेस स्टील उत्तम. पुण्याच्या पावसासाठी छप्पर उताराचे, फटीवर झाकणपट्टी आणि तळाला पाणी निघून जाण्यासाठी दोन बारीक छिद्रे हवीत. फट चेकबुकचे पाकीट सहज जाईल एवढी रुंद, पण हात आत जाणार नाही एवढी अरुंद असावी. आतल्या बाजूला तिरपी पट्टी असल्यास वरून पत्र ओढून काढता येत नाही. कुलूप पेटीतच बसवलेले असावे आणि दुसरी किल्ली घरात ठेवावी.

बंगला असेल, तर पेटी कुंपणभिंतीत बसवून फट रस्त्याकडे आणि दार आतल्या बाजूला ठेवावे. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मुलांच्या घरांपुढे रस्त्याच्या कडेला खांबावर पेट्या असतात, कारण तेथे टपाल गाडीतून वाटले जाते. आपल्या अरुंद पदपथावर तसा खांब किंवा पेटीचा बाहेर आलेला कोपरा म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांना इजा. सोसायटीत पेट्या तळमजल्यावर, उजेडात आणि पहारेकऱ्याच्या नजरेत असाव्यात, वीजमीटरजवळ नसाव्यात. फट साधारण छातीच्या उंचीवर असावी. स्क्रू पेटीच्या आतून कसावेत, म्हणजे बाहेरून ते खोलता येत नाहीत.

१५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली पिनकोडची पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्या मराठी माणसाने आखली. पिनकोड पत्राला आपल्या टपाल कार्यालयापर्यंत आणतो. पुढची पावले पेटीवरील नावावर अवलंबून असतात. त्यामुळे फ्लॅट क्रमांकाबरोबर घरातील सर्वांची नावे मराठीत आणि इंग्रजीत लिहावीत. सुनेचे बँक खाते माहेरच्या नावाने असेल, तर तेही नाव हवेच. अन्यथा ‘अशी व्यक्ती येथे राहत नाही’ असा शेरा मारून तिचे पत्र परत जाते.

पेटी रोज उघडावी. बंद पेटीत मुंग्या, पाली, गांधीलमाश्या घर करतात आणि मग साफसफाईत जीवहिंसा होते. वेळीच केलेली स्वच्छता ही जयणाच आहे. शेजाऱ्याचे पत्र आपल्या पेटीत आले, तर न उघडता त्याच दिवशी पोहोचवावे. अदत्तादानाचा नियम पाकिटालाही लागू आहे. चातुर्मासात गुरुभगवंतांच्या दर्शनाला किंवा यात्रेला बाहेरगावी जाताना किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे द्यावी. ओसंडून वाहणारी पेटी घर बंद असल्याचे चोराला सांगते.

या रविवारी खाली उतरून आपल्या पेटीचे कुलूप लागते का, फटीतून हात जातो का आणि पाटीवर कोणाचे नाव राहिले आहे, एवढे अवश्य पाहावे.