काँक्रीटला मुहूर्त कळत नाही

समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला, आणि वेग म्हणजेच उत्पादकता असा डांगोरा पिटला गेला. 31 जुलै-1 ऑगस्ट 2023 च्या रात्री याच महामार्गाच्या कामावर, शहापूरजवळ, गर्डर बसविणारे अवजड यंत्र कोसळून 20 जण ठार झाले. उत्पादकतेच्या हिशेबात हे जीव कोणत्या रकान्यात मांडावयाचे?

गुणवत्ता फायलीतील प्रमाणपत्रात नसते. ती मिश्रणातील पाण्याच्या मापात, ओतकामानंतरच्या भिजवणीत, 28 दिवसांनी होणाऱ्या ठोकळ्याच्या चाचणीत असते. काँक्रीटला उद्घाटनाचा मुहूर्त कळत नाही. माल पातळ झाला, आधार डळमळला, हे सर्वांआधी मजुराला कळते. परंतु नागपूरच्या ठिय्यावरून सकाळी उचललेला, उपकंत्राटदाराच्या मुकादमाच्या मर्जीवर जगणारा मजूर ‘काम थांबवा’ कसे म्हणेल? म्हटले, तर उद्याची रोजी बुडाली!

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे: धोक्याचे वा निकृष्ट काम नाकारणाऱ्या मजुराची रोजी सुरक्षित राहिली पाहिजे आणि जबाबदारी मुख्य कंत्राटदारावर आली पाहिजे. ज्या हातांना नकाराचा अधिकार नाही, त्यांच्याकडून गुणवत्तेची अपेक्षा करणे हे निव्वळ ढोंग आहे.