गाण्यांशेजारी जातीचा दाखला

परतवाड्याहून मेळघाटातल्या धारणीची वाट धरली की घटांगच्या घाटात मोबाइलची रेंज येऊन-जाऊन असते. म्हणून सेमाडोहकडे जाणारा शहाणा माणूस गाणी परतवाड्याच्या दुकानातच भरून घेतो. नखाएवढं मेमरी कार्ड, मागे खाच असलेला स्पीकर, झालं काम. तेच कार्ड कॉम्प्युटरला लावून पाहा. गाण्यांच्या फोल्डरशेजारी जातीच्या दाखल्याचा फोटो, पासबुकाचं पहिलं पान, वनहक्क दाव्याची प्रत सापडली तर नवल नाही. स्पीकरला एमपी३ तेवढी कळते. बाकीच्या फायलींकडे तो ढुंकूनही पाहत नाही.

गाण्यांच्या साधनात इतर फायली ठेवायची ही युक्ती जुनीच. ऑक्टोबर २००१मध्ये ५ जीबीचा आयपॉड आला, तेव्हा त्याचाही हार्डडिस्क म्हणून वापर होई. पण त्यातली गाणी लपवलेल्या फोल्डरात ठेवलेली. सहजासहजी बाहेर काढता येत नसत. स्वस्त एमपी३ प्लेअरना असा तोरा नव्हता. यूएसबीला जोडला की पेन ड्राइव्ह तयार. गरिबाच्या घरी टिकला तो हाच मोकळेपणा.

यात धोका आहेच. नवी गाणी भरायला कार्ड पुन्हा दुकानात जातं. जागा करायला दुकानदारानं ते फॉरमॅट केलं, की गाण्यांबरोबर दाखलाही गेला. शिवाय आपली कागदपत्रं परक्याच्या कॉम्प्युटरवर उघडी पडतात, ते वेगळंच. कागदपत्रांचं कार्ड निराळं ठेवावं आणि दुसरी प्रत घरात असावी, एवढं तरी प्रत्येकानं करावं.

पण सारी जबाबदारी लोकांवरच का? याच रस्त्यावरचं हरिसाल २०१६मध्ये ‘डिजिटल गाव’ म्हणून गाजलं. त्याचं कौतुक जरूर करावं; मात्र योजना आखणाऱ्यांनी अख्खा मेळघाट ऑनलाइन आहे असं धरून चालू नये. शाळेचा धडा असो की शेतीचा सल्ला, नुसती लिंक पाठवून हात झटकता येत नाहीत. त्याची फाइल लोकांना द्या, साध्या फोनवर चालेल अशी, कार्डात मावेल अशी. सेवा केंद्रात दाखला काढायला आलेल्याला कागदाबरोबर त्याची फाइलही कार्डात भरून मिळाली पाहिजे. परतवाड्याचा दुकानदार चार पैशांत जे करतो, ते सरकारला जड जाऊ नये.