पाचशे पंचवीस पट!

दुर्बीण घ्यायला गेलं की दुकानदार पहिल्यांदा ऐकवतो ते ‘किती पट’. खोक्यावर शनीचं रंगीत चित्र आणि शेजारी ठळक अक्षरांत ‘५२५ पट’. अहो, आतलं भिंग साठ मिलिमीटरचं! त्याला फार तर सव्वाशे पट झेपतं. व्यासाचे मिलिमीटर मोजा आणि दुप्पट करा, संपला हिशेब. त्यापुढे शनी नुसता पसरतो, ताकात पाणी ओतत राहावं तसा. पण आपल्याला साडीवर सूट आणि दुर्बिणीत पट, दोन्ही भरपूर लागतात.

हे ज्याला कळतं तो दुसऱ्या टोकाला जातो. सिडकोतल्या आमच्या एका स्नेह्यांनी आठ इंची आरशाचं नळकांडं आणलं. बैठकीसकट वजन वीस किलोंच्या वर, बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. “गच्ची आहे की!” म्हणाले. आहे ना! पाण्याच्या टाक्यांतून जागा उरली तर आहे. शिवाय मराठवाड्याच्या उन्हात दिवसभर भाजलेला तो स्लॅब रात्री उशिरापर्यंत वाफा सोडतो आणि त्या हवेत गुरू हिवताप भरल्यासारखा थरथरतो. रस्त्यावरच्या दिव्यांना ग्रह भीत नाहीत, भितात ते या वाफांना. म्हणून दुर्बीण उचलून खाली मैदानात, गवतावर नेता आली पाहिजे. रविवारी दौलताबादच्या बाजूलाही.

माझं मत पाच इंची मॅकसुटॉव्हला. नळी हातभर, वजन साडेतीन किलोंच्या आसपास. वाचलेले पैसे तिपाईत घाला. तिपाई डुगडुगली की भिंग कितीही भारी असो, सगळं पाण्यात.

फोटोवाल्यांचं तर विचारूच नका. त्यांना एक ‘खटॅक’ हवं असतं. ग्रहाचा फोटो असा निघत नाही. चलच्चित्र घ्यायचं, हजारो चौकटींतल्या न थरथरलेल्या तेवढ्या निवडायच्या आणि एकावर एक रचायच्या. म्हणजे तांदूळ निवडण्यासारखंच. त्यातही गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, तेव्हा दोन-तीन मिनिटांत उरका, नाहीतर पट्टे सरकतात. त्याच्यामागे फिरणारी मोटार मात्र हवी. हा खर्च मी कंजूष असूनही मान्य करतो.

आकाश आपल्याला फुकट चांगलं मिळालंय. २०२६ च्या जानेवारीत मध्यरात्री गुरू आपल्या शहराच्या जवळजवळ डोक्यावर होता. लंडनकराला तो तिरकाच पाहावा लागला. आमच्या स्नेह्यांच्या आठ इंची नळकांड्यावर तेव्हा पंचा वाळत होता.