मागच्या रांगेतील मुले

गेल्या जयंतीच्या कार्यक्रमात व्यासपीठावर भाषणे चालू असताना सभागृहाच्या शेवटच्या दोन रांगांत आपली मुले माना खाली घालून बसली होती. कोणाच्या हातात फोन, कोणाच्या हातात खेळाचे छोटे यंत्र. ते पाहून एका ज्येष्ठ बांधवांनी माइकवरूनच खंत व्यक्त केली, "बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करीत, आणि ही आपली पुढची पिढी पाहा!" टाळ्या पडल्या. मुलांनी मान वर केली नाही. टाळ्या वाजविणाऱ्यांत आम्हीही होतो. परंतु घरी परतताना त्या टाळीविषयी आमच्या मनात शंका उत्पन्न झाली.

नागपूरला वैद्यकीय पदवी घेऊन आम्ही अमेरिकेत आलो, त्यास आता पाव शतक उलटून गेले. अलीकडे आपल्या समाजातील पालक मुलाला पुढे करून सांगतात, "डॉक्टर, याला व्यसन लागले आहे." व्यसन हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर'चा समावेश केला, हे खरे. २०१९ साली ते वर्गीकरण स्वीकारले गेले आणि १ जानेवारी २०२२ पासून अमलात आले. परंतु खेळण्यावरील ताबा सुटणे, खेळापुढे जेवणखाण, शाळा, मित्र सारे गौण होणे, आणि नुकसान दिसत असूनही खेळ वाढतच जाणे, ही लक्षणे साधारणतः बारा महिने टिकली तरच ते निदान करता येते. आमच्याकडे आणलेल्या मुलांपैकी फार थोडी या कसोटीला उतरली. बहुतेकांचा आजार एकच होता : झोप अपुरी. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला आठ ते दहा तास झोप हवी. त्या वयात झोपेची वेळ निसर्गतःच पुढे सरकते, आणि शाळेची बस मात्र पहाटेच दारात उभी राहते.

पालकांच्या अज्ञानाचा भाग याहून मोठा आहे. 'फोर्टनाइट'च्या सर्वांत गाजलेल्या प्रकारात एका डावात शंभरजण उतरतात आणि तो डाव मध्येच थांबविता येत नाही. आई जेवायला हाक मारते तेव्हा मुलाचे दोन-तीन सवंगडी त्याच्यावर विसंबून असतात. आपल्या वस्तीच्या मैदानावर हुतूतूचा डाव रंगात आला असता कोणी आपल्याला कानाला धरून ओढत नेले असते, तर आपण काय केले असते? म्हणून वेळ घड्याळावर नव्हे, डावावर ठरवावी. "हा शेवटचा डाव" एवढे म्हटले की निम्मी भांडणे मिटतात. 'ट्विच'वर तासन्‌तास दुसऱ्याचा खेळ काय पाहतोस, असेही आपण विचारतो. रेडिओला कान लावून पाच-पाच दिवस कसोटी सामन्याचे धावते वर्णन ऐकणाऱ्यांनी हा प्रश्न विचारू नये!

मात्र या व्यासपीठांचे मालक भाबडे नाहीत. 'फोर्टनाइट'च्या कंपनीवर अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने कारवाई केल्यावर डिसेंबर २०२२ मध्ये तिने ५२ कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. त्यांतील २७.५ कोटी मुलांच्या खाजगी माहितीविषयीचा कायदा मोडल्याबद्दल, आणि २४.५ कोटी नकळत खरेदी घडवून आणणाऱ्या बटणांच्या रचनेबद्दल. १९९८ च्या त्या कायद्यामुळे तेरा वर्षांखालील मुलांची माहिती पालकांच्या संमतीविना घेता येत नाही. म्हणून अनेक ठिकाणी वयाची अट तेरा असते. दहा वर्षांच्या मुलाची खोटी जन्मतारीख भरून खाते कोण उघडून देतो? पुष्कळदा आपणच. कटकट नको म्हणून.

आता आमची स्वतःची चूक सांगतो. २०२० च्या टाळेबंदीत आमचा मुलगा चौदा वर्षांचा होता. रुग्णालयातील पाळी संपवून आम्ही रात्री अकराला घरी आलो, तो तळघरातून त्याचे ओरडणे ऐकू आले. दिवसभर मृत्यू पाहून आलेलो होतो. आम्ही काही न विचारता इंटरनेटची वायर उपसली, यंत्र उचलले आणि गाडीच्या डिकीत तीन आठवडे कुलपात ठेवले. मित्रांना फोनवर ही शिस्त अभिमानाने सांगितली देखील.

पुढे दोन वर्षांनी त्याला मोटार शिकविताना, एका लाल दिव्यापाशी, तो सहज म्हणाला, "पप्पा, तुम्ही वायर काढली तेव्हा मी त्यांना उत्तर देत होतो." डावातील काही मुले भारतीय वंशाची होती. त्यांनी त्याचे आडनाव विचारले, मग जात विचारली, आणि मग हसत हसत जे शब्द उच्चारले ते या स्मरणिकेत आम्ही छापू शकत नाही. आमच्या घरात बाबासाहेबांची तसबीर आहे, मुलाला त्रिशरण-पंचशील मुखोद्गत आहे. परंतु त्या शब्दाचा अर्थ त्याला आम्ही कधी सांगितला नव्हता. ती घाण सातासमुद्रापलीकडे टाकून आलो, अशी आमची समजूत होती. त्याने तो अर्थ त्या रात्री फोनवर एकट्याने शोधला.

"मग आम्हाला सांगितले का नाहीस?"

"सांगितले असते, तर यंत्र कायमचेच गेले असते."

रुग्ण तपासताना आम्ही आधी विचारतो, मग हात लावतो. घरी उलटे केले. जप्तीची धास्ती घेतलेले मूल पुढे काहीच सांगत नाही; अपमान नाही, पैसे मागणारा अनोळखी मनुष्य नाही, की छायाचित्र पाठव म्हणणाराही नाही. सिॲटल शहराने २०२३ साली आपल्या भेदभावविरोधी कायद्यात जातीचा समावेश केला, याचा आम्हांस आनंद आहे. परंतु मुलाच्या कानावरच्या हेडफोनमध्ये नगरपरिषद शिरत नाही. तेथे शेजारच्या खुर्चीवर बसलेला बाप किंवा आईच लागते, आणि त्या शब्दाचा अर्थ परक्याच्या आधी तिने सांगितलेला असावा लागतो.

त्या ज्येष्ठ बांधवांना आदरपूर्वक एक गोष्ट स्मरण करून द्यावीशी वाटते. परळच्या चाळीतील त्या एका खोलीत भीमराव पहाटे अभ्यासाला बसत, हे आपण मुलांना नेहमी सांगतो. परंतु मुलाला लवकर झोपवून रामजी सुभेदार रात्री दोनपर्यंत स्वतः जागत, त्याला उठवीत आणि मग त्याच्या जागी अंग टाकीत, हा भाग आपल्या भाषणांत सहसा येत नाही.

आमचा मुलगा आता महाविद्यालयात आहे. सुटीत घरी आला की दुसरे यंत्र आमच्या हाती देतो आणि आम्ही पहिल्या दोन मिनिटांतच बाद होतो. कार्यकारिणीस आमची एक विनंती आहे. पुढच्या जयंतीला मागच्या रांगेतील मुलांना अर्धा तास माइक द्यावा. ती काय खेळतात, कोणाशी बोलतात, त्यांना काय ऐकावे लागते, हे त्यांनीच सांगावे. पालकांनी त्या वेळी शेवटच्या दोन रांगांत बसावे. खुर्च्या मांडायला आम्ही तासभर आधी येऊ.