डावललं कुणाला?

एप्रिल-मेच्या सांध्यावर न्यूयॉर्कात टोनी पुरस्कारांची नामांकनं जाहीर होतात आणि मग जूनपर्यंत आपल्याकडची नाटकवेडी पोरंही एकमेकांच्या उरावर बसतात. कोण आलं, कोण राहिलं, कोण जिंकणार. वडापावच्या पैजा लागतात. 2025 साली ‘ऑथेल्लो’ला एकही नामांकन मिळालं नाही, तेव्हा आपल्यातलेच काही जण असे तापले की जणू डेन्झेल वॉशिंग्टनला कुणी यांच्याच वस्तीतून हाकललं होतं. ‘बघा, काळ्या माणसाला पुन्हा डावललं!’

दोस्तहो, मला हे रडणं मान्य नाही. डावलणं काय असतं ते आपल्याला कुणी शिकवायला नको. म्हणूनच तो शब्द असा कुठंही उधळू नये. ज्याला डावललं त्याच्यासाठीच तो राखून ठेवावा.

मी मॅट्रिक पास, गोदीत ओझी उचलणारा. ब्रॉडवे पाहिलेला नाही, बहुतेक पाहणारही नाही. पण यादी कशी लागते हे कळायला विमानाचं तिकीट लागत नाही.

आधी यंत्र बघा. टोनी 1947 पासून दिला जातो. तो अमेरिकेतल्या नाटकांना मिळतो असं आपण म्हणतो ते खोटं आहे. तो ब्रॉडवेच्या नाटकांना मिळतो. ब्रॉडवे म्हणजे मॅनहटनमधली 41 थिएटरं, प्रत्येकी 500 किंवा त्याहून जास्त खुर्च्यांची. हार्लेममधल्या हॉलमध्ये, चर्चच्या तळघरात, शिकागोत, डेट्रॉइटमध्ये तुम्ही जगातलं सर्वांत मोठं नाटक करा. स्पर्धेत तुमचं नाव नाही. ब्रॉडवेवर लागलेली नाटकं काही डझन माणसांची समिती पाहते आणि नामांकनं ठरवते. मग आठशेच्या वर मतदार मत देतात. त्यात नट आहेत, लेखक आहेत, तसेच निर्माते आहेत, थिएटरचे मालक आहेत, गावोगावी दौरे भरवणारे धंदेवाले आहेत. ज्यांचा पैसा अडकलाय तेही मत देतात. तेव्हा भाकीत करणाऱ्यांनी फार विद्वत्तेचा आव आणू नये. कुठला माल बाहेरगावी खपेल याचा अंदाज बांधणं हासुद्धा त्यांच्या भाकिताचा एक भाग असतो. तो आमचा गोदीतला कुठलाही कारकून बांधेल.

आता गोदीचंच बोलतो. न्यूयॉर्कच्या धक्क्यावर जुन्या काळी रोज सकाळी कामगार अर्धगोल करून उभे राहायचे. मुकादम मधे उभा. तो बोट दाखवील तो कामाला, बाकीचे घरी. ज्याची मुकादमाला हप्ता द्यायची तयारी असे, तो कानामागं दात कोरायची काडी खोचून उभा राही. मुकादमाला खूण कळे. 1953 साली तिथं वॉटरफ्रंट कमिशन आलं आणि ही पद्धत कायद्यानं बंद झाली. आपल्याकडं रोजंदारीच्या गोदी कामगारासाठी 1948 चा कायदा झाला तोही याच रोगावरचा उपाय. रोग पुरता गेला असं मी म्हणणार नाही. कंत्राटाच्या पाळीसाठी गेटवर मी उभा राहिलोय, आणि पुकारलेल्या नावांत माझं नाव नसलं की चहा न पिता परतलोय. एक गोष्ट मात्र नीट पाहिलीय. ज्यांची नावं पुकारली जातात त्यांच्यातच मग आत गेल्यावर भांडण होतं, की हलकं काम कुणाला आणि जड कुणाला. त्या भांडणाचा आवाज मोठा असतो. गेटाबाहेरून परत गेलेल्यांचा आवाज कुणाला येत नाही.

टोनीच्या वादाचंही हेच आहे. सगळी बोंबाबोंब आतल्यांची.

‘ऑथेल्लो’ घ्या. त्याच्या पुढच्या जागांचं तिकीट 921 डॉलरपर्यंत गेलं होतं. बिगर-संगीत नाटकाच्या आठवड्याच्या कमाईचा ब्रॉडवेचा विक्रम त्यानं मोडला, पुढं त्याच हंगामात जॉर्ज क्लूनीच्या नाटकानं तोही मोडला. डेन्झेल मोठा नट आहे, वाद नाही. ऑगस्ट विल्सनच्या ‘फेन्सेस’साठी 2010 सालचा टोनी त्याच्या घरी आहेच. त्याला एका वर्षी यादीत घेतलं नाही, हे समितीचं मत झालं. चूक असेल, बरोबर असेल. पण ज्या नाटकाच्या गल्ल्यावर रांग आहे त्याच्यासाठी आपण अश्रू का गाळायचे? तो आपल्यासाठी काय, हार्लेमच्या पोरासाठीही खुर्ची ठेवू शकला नाही. 921 डॉलर!

मग डावललं कुणाला? मी नाव सांगतो. अ‍ॅलिस चाइल्ड्रेस.

ही काळी बाई हार्लेममध्ये वाढली. तिचं ‘ट्रबल इन माइंड’ हे नाटक 1955 साली ग्रीनिच व्हिलेजमधल्या एका छोट्या थिएटरात लागलं. नाटकात एक काळी नटी आहे, विलेटा. एका गोऱ्या लेखकाच्या नाटकाची तालीम चाललीय, विषय लिंचिंगचा. त्यात काळी आई आपल्या पोराला स्वतः मृत्यूच्या हाती जाऊ देते. विलेटा तालमीत विचारते की कुठली आई असं करील? गोरा दिग्दर्शक आधी गोड बोलतो, मग त्याचा बुरखा फाटतो. हे नाटक 1957 साली ब्रॉडवेवर न्यायचं ठरलं. निर्माते म्हणाले, शेवट बदला, जरा मवाळ करा, प्रेक्षकांना सोसेल असा करा. बाईनं एकदा, दोनदा बदलून पाहिला. मग ठाम नाही म्हणाली. नाटक ब्रॉडवेवर गेलंच नाही. ते गेलं असतं तर ब्रॉडवेवर नाटक येणारी पहिली काळी लेखिका तीच ठरली असती. तो मान 1959 साली लोरेन हॅन्सबरीच्या ‘अ रेझिन इन द सन’ला मिळाला. (त्यालाही 1960 च्या टोनीत चार नामांकनं आणि हातात शून्य.)

चाइल्ड्रेस 1994 साली वारली. ‘ट्रबल इन माइंड’ ब्रॉडवेवर लागलं ते 2021 च्या नोव्हेंबरात. आणि गंमत पुढं आहे. 2022 च्या टोनीत त्याला नामांकन मिळालं ते ‘रिव्हायव्हल’ या गटात, म्हणजे जुनं नाटक पुन्हा उभं केलं म्हणून! जे तिथं कधी लागलंच नाही ते ‘पुन्हा’ कसं? तर त्यांचा नियम असा की नाटक अभिजात होऊन बसलेलं असेल तर ते नवं धरायचं नाही. वा रे नियम. चौसष्ट वर्षं दारात उभं ठेवायचं, आणि मग म्हणायचं की तुम्ही फार जुने झालात, नव्यांच्या रांगेत बसू नका. चार नामांकनं झाली, एकही बक्षीस नाही.

कुणी म्हणेल, एकच उदाहरण काय सांगतोस. घ्या आणखी. चार्ल्स फुलरचं ‘अ सोल्जर्स प्ले’ 1981 साली आलं. 1982 चं पुलित्झर त्याला मिळालं. ब्रॉडवेवर लागायला 2020 उजाडलं, आणि टोनी मिळाला तो रिव्हायव्हलचा. ऑगस्ट विल्सनच्या दहा नाटकांपैकी नऊ नाटकांना ‘सर्वोत्कृष्ट नाटका’चं नामांकन मिळालं, जिंकलं एकच, ‘फेन्सेस’, 1987 साली. तो 2005 च्या ऑक्टोबरात वारला आणि दोन आठवड्यांत एका ब्रॉडवे थिएटरला त्याचं नाव लागलं. पण त्याचं दहावं नाटक ‘जिटनी’, जे टॅक्सी हाकणाऱ्या कष्टकऱ्यांचं आहे, ते ब्रॉडवेवर आलं 2017 साली. त्यालाही टोनी मिळाला रिव्हायव्हलचाच. थिएटरवर नाव आधी, नाटकाला जागा बारा वर्षांनी. पुतळे उभारण्यात आपलेच लोक हुशार आहेत असं मला वाटायचं.

आता 2022 ची यादी पुन्हा काढा. सर्वोत्कृष्ट नाटकासाठी पाच नावं होती. त्यात डॉमिनिक मॉरिसोचं ‘स्केलेटन क्रू’ होतं. साल 2008, डेट्रॉइटचा मोटार कारखाना, बंद पडायची कुजबुज, आणि विश्रांतीच्या खोलीत बसलेले काळे कामगार. त्याच यादीत ‘द लेहमन ट्रिलॉजी’ होतं. लेहमन बंधूंच्या त्या पेढीचा इतिहास, जी त्याच 2008 साली कोसळली. अलाबामात कापसाच्या व्यापारावर ही पेढी वाढली, आणि तो कापूस कुणाच्या हातांनी वेचला हे नाटकात पुरेसं येत नाही अशी टीका झाली होती. एकच मंदी, दोन नाटकं. एक पेढीवाल्यांचं, एक कामगारांचं. बक्षीस कुणाला मिळालं? पेढीवाल्यांना. नाटक म्हणून ते ताकदीचं असेल, तीन नट साऱ्या पिढ्या उभ्या करतात म्हणे. मी त्याला वाईट म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो की बुडवणाऱ्याची गोष्ट महाकाव्य ठरते आणि बुडालेल्याची गोष्ट पाचांतली एक ठरते, हे योगायोगानं होत नाही. कॉटन ग्रीन स्टेशनावरून रोज जाणाऱ्यानं तरी हे विसरू नये.

इथं आपले काही जहाल मित्र म्हणतात, मग थुंका ना त्या पुरस्कारावर! भांडवलदारांचा तमाशा आहे, आपल्याला काय?

नाही. हेही मला पटत नाही. पुरस्कार म्हणजे मान नव्हे, भाकरी आहे. टोनी मिळाला की तिकिटं खपतात, नाटक टिकतं, दौरा निघतो. नटाला, दिवे लावणाऱ्याला, कपडे शिवणाऱ्याला आणखी काही महिने पगार मिळतो. जॉर्डन कूपरचं ‘एन्ट नो मो’ बघा. साऱ्या काळ्यांना आफ्रिकेची फुकट विमानतिकिटं देऊन टाकायचं सरकार ठरवतं, अशी जळजळीत कल्पना. 2022 च्या डिसेंबरात ते ब्रॉडवेवर उघडलं आणि त्याच डिसेंबरात बंद पडलं. पुढच्या मे महिन्यात त्याला सहा नामांकनं! नाटक मेल्यावर चार महिन्यांनी. तेराव्याचं जेवण वेळेवर मिळत असतं तर तो माणूस कशाला मेला असता? ज्याच्या घरात रॉकेलपुरतेही पैसे नसतात तो ‘मला पुरस्कार नको’ असं ऐटीत म्हणत नाही. ते ज्याचं पोट भरलंय त्यानं म्हणावं.

आणि 2025 कडे परत या. ज्या वर्षी ‘ऑथेल्लो’साठी गळे काढले गेले त्याच वर्षी ब्रँडन जेकब्स-जेन्किन्सच्या ‘पर्पज’ला सर्वोत्कृष्ट नाटकाचा टोनी मिळाला. शिकागोच्या एका काळ्या पुढारी घराण्याची झाडाझडती घेणारं नाटक. 1987 च्या ‘फेन्सेस’नंतर काळ्या लेखकाला हा पुरस्कार मिळायला 38 वर्षं लागली. आपल्या किती जणांनी हे साजरं केलं? बोटावर मोजण्याइतक्यांनी. कारण नट माहीत होता, लेखक माहीत नव्हता. स्टारचा अपमान दिसतो, लेखकाचा विजयही दिसत नाही. मग आपण त्या 921 डॉलरवाल्या प्रेक्षकापेक्षा वेगळे कसे झालो?

1972 साली मुंबईत आपल्या आधीच्या पोरांनी पँथर हे नाव घेतलं ते ओकलंडच्या काळ्या पोरांकडून. नाव घेतलं, तशी आणखी एक गोष्ट तिथून घेण्यासारखी आहे. 1967 साली डग्लस टर्नर वॉर्ड आणि त्याच्या सोबत्यांनी न्यूयॉर्कात निग्रो एन्सेम्बल कंपनी काढली. ब्रॉडवेच्या दारात ते बसले नाहीत. सेकंड अव्हेन्यूवर एक छोटं थिएटर घेतलं. नट तयार केले, लेखक तयार केले, दिवे-पडदे सांभाळणारे तयार केले. पैसा फोर्ड फाउंडेशनचा होता, ते लपवायचं कारण नाही. पण नाटक कुठलं लागणार हे ते स्वतः ठरवायचे. त्याच घरातून जोसेफ वॉकरचं ‘द रिव्हर नायजर’ निघालं, ब्रॉडवेवर गेलं आणि 1974 चा सर्वोत्कृष्ट नाटकाचा टोनी घेऊन आलं. फुलरचं ‘अ सोल्जर्स प्ले’ही त्याच घरातलं. म्हणजे त्याला ब्रॉडवेनं 39 वर्षं दारात ठेवलं तरी ते मेलं नाही. त्याला स्वतःचं घर होतं. चाइल्ड्रेसला तसं घर मिळालं नव्हतं, म्हणून तिला निर्मात्यांच्या कृपेवर बसावं लागलं.

तेव्हा पुढच्या वेळी यादी लागेल तेव्हा पैजा जरूर लावा. मजा आहे, मीही लावीन. पण यादी वाचून झाली की आणखी तीन प्रश्न विचारा. यंदा त्या 41 थिएटरांत कुणाला जागाच मिळाली नाही? ज्यांना मिळाली, त्यांची नाटकं किती दिवस जगली? आणि ‘जुनं’ म्हणून ज्याला आत घेतलं, ते नवं होतं तेव्हा हे लोक कुठं होते? ही उत्तरं वर्तमानपत्रातल्या भाकितांत मिळणार नाहीत. ती खणून काढावी लागतील.

माझं भाकीत विचाराल तर एकच आहे. जोवर गेट त्यांच्या ताब्यात आहे तोवर यादीत आपलं एखादं नाव येईल, दरवर्षी येईल, आणि त्या एका नावाकडं बोट दाखवून बाकीच्यांना घरी पाठवलं जाईल. त्या नावासाठी टाळ्या वाजवा. मात्र टाळ्या वाजवताना तोंड गेटाच्या बाहेरच्या बाजूला असू द्या.